बँकेत कागद देण्यापूर्वी, अंगठा लावण्यापूर्वी : नव्या खातेदारासाठी मार्गदर्शन

कापूस वेचणीच्या दिवसांत बायकांच्या बोटांची टोके बोंडांच्या धारदार कडांनी सोललेली असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत बँक मित्राच्या, म्हणजे बँकेने गावात नेमलेल्या प्रतिनिधीच्या, यंत्रावर अंगठा उमटत नाही. "अंगठा नाई घेतला मावशी, अजून एकदा ठेवा," असे म्हणत यंत्र दोनदा, तीनदा पुढे सरकवले जाते. मावशी दर वेळी पदराला बोट पुसून ठेवतात. त्यातला कोणता अंगठा खरोखर घेतला गेला नाही आणि कोणत्या अंगठ्यावर पैसे निघाले, हे फक्त समोरच्या माणसाच्या बाजूला वळवलेल्या पडद्यावर दिसते. बहुतेक बँक मित्र प्रामाणिकपणे काम करतात, यात मला शंका नाही. तरीही आमच्या भागात ओळख चोरीला जाते ती बहुधा अशाच जागी, म्हणजे खातेदाराने स्वतःच्या हाताने दिलेल्या झेरॉक्समधून, कोऱ्या अर्जावरच्या सहीतून किंवा कशासाठी लावला हे न विचारता लावलेल्या अंगठ्यातून.

दुसऱ्याचा आधार क्रमांक, पॅन, सही, पासवर्ड किंवा बोटाचा ठसा अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६ क अन्वये गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु कायद्याची वेळ येते ती पैसे गेल्यानंतर. हा लेख त्याआधीच्या टप्प्यासाठी आहे, आणि तो प्रामुख्याने पहिल्यांदा खाते उघडणाऱ्यांसाठी लिहिला आहे : नुकतीच लग्न होऊन गावात आलेली सून, अठरा पूर्ण झालेला मुलगा, रोजगार हमीच्या कामावर जाणारा मजूर, आणि आजवर सगळे व्यवहार वडिलांच्या खात्यावर चालवणारा तरुण कास्तकार.

पहिली पायरी : बँक कोणते कागद मागू शकते, हे आधी जाणून घ्यावे

बँकेने खातेदाराची ओळख पटवून घेणे, ज्याला सगळेजण केवायसी म्हणतात, हे काळा पैसा प्रतिबंधक कायदा, २००२ आणि रिझर्व्ह बँकेने काढलेले व वेळोवेळी सुधारलेले निर्देश यांमुळे बंधनकारक आहे. म्हणून शाखेतील कर्मचारी कागद मागतो तेव्हा तो अडवणूक करतो आहे, असे समजू नये. मात्र कोणता कागद चालतो हे त्या कर्मचाऱ्याच्या मर्जीवर ठरत नाही. अधिकृतरीत्या वैध ठरवलेले कागद सहा आहेत : पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना, आधार क्रमांक असल्याचा पुरावा, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेले नरेगाचे जॉबकार्ड, आणि नाव-पत्ता असलेले राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र. ओळख आणि पत्ता यांसाठी यांपैकी एक पुरेसा असतो. त्याच्या जोडीला अलीकडचा फोटो आणि पॅन लागते. पॅन नसेल तर त्याऐवजीचा विहित फॉर्म भरून द्यावा लागतो.

एक कागद पुरेसा असताना आपल्याकडे लोक आधार, मतदार कार्ड, राशन कार्ड, सातबारा, आठ-अ आणि शाळा सोडल्याचा दाखला असा सगळा गठ्ठा पिशवीत घालून नेतात आणि समोरच्याने "अजून काय आहे?" म्हटले की एकेक काढून देतात. सातबारा आणि आठ-अ पीककर्जाच्या प्रकरणाला लागतात, बचत खात्याला नाही. जेवढे मागितले तेवढेच द्यावे, आणि मागितलेला कागद कशासाठी हवा हे शांतपणे विचारावे.

नव्या सुनेची अडचण वेगळी असते. तिच्या आधारवर माहेरचे नाव, मतदार कार्ड अजून निघालेले नाही, आणि खाते मात्र सासरच्या नावाने हवे. अशा वेळी एखादा एजंट "सगळं करून देतो" म्हणून मूळ कार्ड घेऊन जातो आणि महिनाभर परत करत नाही. त्याची काही गरज नसते. कागद निघाल्यानंतर लग्नामुळे नाव बदलले असेल तर जुन्या नावाचा वैध कागद आणि सोबत शासनाने दिलेले विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची नोंद एवढे बँकेला चालते, असे नियमच सांगतो. ग्रामपंचायतीत विवाहाची नोंद करून दाखला घेणे हे त्यामुळे पत्रिका छापण्याइतकेच आवश्यक काम आहे. ते लग्नाच्या धावपळीत राहून जाते आणि मग पुढची दोन वर्षे नडते.

कागदावरचा पत्ता जुना असेल, तर दोन महिन्यांहून जुने नसलेले विजेचे बिल किंवा मालमत्ता कराची, म्हणजे आपल्या बोलण्यातली घरटॅक्सची, पावती तात्पुरती चालते. पण त्यानंतर तीन महिन्यांच्या आत नव्या पत्त्याचा वैध कागद द्यावा लागतो. आधारचे ई-केवायसी, म्हणजे अंगठा किंवा ओटीपी देऊन यंत्रावर होणारी ओळख पडताळणी, करून खाते उघडले आणि सध्याचा पत्ता वेगळा असला, तर त्याबद्दलचे स्वघोषणापत्र पुरते.

सहांपैकी एकही कागद नसलेल्या माणसालाही परत पाठवता येत नाही. त्याच्यासाठी छोट्या खात्याची सोय आहे : स्वतः साक्षांकित केलेला फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा यांवर ते उघडते. मात्र त्यात वर्षभरात एक लाख रुपयांपेक्षा अधिक जमा होऊ शकत नाही, महिन्याला दहा हजारांपेक्षा अधिक काढता येत नाही आणि शिल्लक कोणत्याही वेळी पन्नास हजारांच्या वर जाऊ शकत नाही. ते सुरुवातीला बारा महिन्यांसाठी असते. त्या काळात वैध कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवला तर आणखी बारा महिने मिळतात.

आधारविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. शासकीय योजनेचे अनुदान ज्या खात्यात थेट जमा व्हायचे आहे, त्यासाठी आधारचे ई-केवायसी लागते, आणि पीएम किसानपासून लाडक्या बहिणीपर्यंतचे हप्ते आधारशी जोडलेल्या खात्यातच येत असल्याने आपल्याकडे बहुतेकांना ते करावेच लागते. परंतु जिथे आधारची पडताळणी आवश्यक नाही आणि तुम्ही केवळ पुरावा म्हणून कार्डाची प्रत देत आहात, तिथे क्रमांक झाकून देणे हाच नियम आहे. यासाठी आधारच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून घेता येते. त्यात पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे असतात.

दुसरी पायरी : झेरॉक्सचा कागद

आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी मी एकदा फुटाणे घेतले. पुडी उलगडल्यावर आत एका अनोळखी बाईचे मतदार कार्ड होते, म्हणजे त्याची झेरॉक्स. कडेला काळा पट्टा आला म्हणून दुकानदाराने टाकून दिलेली प्रत रद्दीत गेली होती आणि रद्दीतून फुटाण्याच्या गाडीवर आली होती. नाव, वडिलांचे नाव, वय, गाव, फोटो, सगळे वाचता येत होते. मी तो कागद फाडून टाकला, पण त्या गठ्ठ्यात अजून किती होते कोण जाणे.

म्हणून खराब निघालेली प्रत झेरॉक्सच्या दुकानात सोडू नये. मागून घेऊन तिथेच फाडावी. कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून प्रिंट काढली असेल, तर काम झाल्यावर दुकानाच्या संगणकातून ती फाइल आपल्यासमोर काढून टाकायला सांगावी. सांगायला संकोच वाटतो, पण दुकानदाराला त्याला अर्धा मिनिट लागतो. मूळ कार्ड यंत्रात राहून जाण्याचे प्रकार तर इतके होतात की कित्येक दुकानांत विसरलेल्या कार्डांचा वेगळा डबाच असतो.

प्रत्येक प्रतीवर सही करताना नुसती सही करू नये. "फक्त अमुक बँकेच्या अमुक शाखेत बचत खाते उघडण्यासाठी" असे लिहून खाली तारीख घालावी, आणि हे लिहिणे कोऱ्या जागेत न करता छापील मजकुरावरून तिरके जावे, मात्र फोटो आणि नाव झाकले जाऊ नये. कोऱ्या कोपऱ्यात लिहिलेली ओळ कापून किंवा कागदाची पट्टी ठेवून पुन्हा झेरॉक्स काढता येते. मजकुरावरून गेलेली ओळ सहजासहजी काढता येत नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी हे सोबतच्या माणसाकडून लिहून घ्यावे आणि मगच अंगठा उठवावा.

तिसरी पायरी : अर्ज आणि मोबाइल क्रमांक

कोऱ्या अर्जावर सही करू नये, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही "तुम्ही फक्त सह्या करा, बाकी मी भरतो" या वाक्यापुढे सगळे विसरतात. जे रकाने लागू नाहीत त्यांवर आडवी रेघ ओढावी. पैसे काढण्याच्या कोऱ्या स्लिपा सही करून कोणाकडेही ठेवू नयेत, मग तो माणूस रोजच्या बसण्या-उठण्यातला असला तरी.

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा रकाना माझ्या मते मोबाइल क्रमांकाचा आहे, आणि तोच सर्वांत हलगर्जीपणे भरला जातो. घरात एकच फोन असतो म्हणून पुतण्याचा क्रमांक, तो पुण्याला गेलेला म्हणून शेजाऱ्याचा, नाहीतर अर्ज भरून देणाऱ्याचाच क्रमांक लावला जातो. ज्याच्या हातात तो क्रमांक, त्याच्या हातात ओटीपी. आणि पैसे निघाल्याचा संदेशही त्यालाच जातो. शक्य असेल तर साध्या बटनाच्या फोनमध्ये का होईना, स्वतःच्या नावाचे सिम घ्यावे. जुना क्रमांक रिचार्ज न केल्याने बंद पडला, तर काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, त्यामुळे क्रमांक बदलल्याची नोंद बँकेत आणि आधारमध्ये लगेच करावी. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसते, आणि आपले नसलेले सिम तिथूनच कळवता येते.

अर्ज दिल्यावर पोच घ्यावी.

चौथी पायरी : अंगठा

आधारवरून पैसे काढताना तीनच गोष्टी लागतात : आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा. तिथे पिन नाही आणि ओटीपीही नाही. ज्याला एटीएम हाताळता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसाला यामुळे गावातच पैसे मिळतात, ही या सोयीची मोठी बाजू आहे; पण कार्ड हरवले तर ते बंद करून नवे घेता येते, बोट बदलता येत नाही. खरेदीखतासारख्या दस्तांवरील ठसे उचलून त्यांचे रबरी नमुने बनवल्याचे आणि त्यांवर पैसे काढल्याचे प्रकार देशात उघडकीस आले आहेत.

बँक मित्राकडे जाताना काही गोष्टी सवयीने कराव्यात. यंत्राला बोट लावण्यापूर्वी रक्कम किती टाकली आहे ते पडद्यावर पाहावे, किंवा ज्याला वाचता येते अशा शाळकरी नातवाला सोबत न्यावे. दर वेळी छापील पावती मागावी. व्यवहार फसला असे सांगितले तर फसल्याचीही पावती मागावी आणि ती हातात आल्याशिवाय पुन्हा अंगठा लावू नये. लेखाच्या सुरुवातीच्या मावशींनी एवढे केले तरी त्यांचे अर्धे काम झाले. महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यावे. मोफत सिम, मोफत चूल किंवा "सर्वे" यांच्या नावाखाली चौकात टेबल टाकून अंगठे घेणाऱ्यांना सरळ नाही म्हणावे.

आधारमधील बोटांचे ठसे कुलूपबंद करण्याची सोय आधार प्राधिकरणाने दिलेली आहे. आधारला जोडलेला मोबाइल हाताशी असेल तर आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करता येते, आणि गरज असेल तेव्हा ते दहा मिनिटांसाठी उघडता येते. आपला आधार कुठे-कुठे वापरला गेला याची मागील सहा महिन्यांची नोंदही तिथे पाहता येते. माहितीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. मात्र एक व्यवहारी इशारा : लॉक केल्यावर राशन दुकानातही अंगठा चालणार नाही आणि पेन्शनरांचा हयातीचा दाखलाही अडेल. ज्याच्याकडे फोन आहे आणि जो तो हाताळू शकतो, त्याने लॉक जरूर करावे. ज्या आजीला राशनच्या रांगेत उभे राहून अ‍ॅप उघडता येणार नाही, तिच्यावर ते लादू नये. त्याऐवजी खात्यावरील आधारद्वारे पैसे काढण्याची सोय बंद करता येईल का, हे शाखेत लेखी विचारावे आणि खात्यात मोठी रक्कम न ठेवता ती मुदत ठेवीत टाकावी.

पाचवी पायरी : पुन्हा केवायसी, आणि त्याच्या नावाखाली येणारे फोन

खाते उघडले म्हणजे कागदांचे काम कायमचे संपले, असे नसते. जोखमीच्या वर्गवारीप्रमाणे केवायसी दर दोन, आठ किंवा दहा वर्षांनी अद्ययावत करावे लागते. सर्वसाधारण शेतकरी-मजुराचे खाते कमी जोखमीचे, म्हणजे दहा वर्षांचे असते. माहितीत काही बदल नसेल तर नव्याने सगळे कागद न देता तसे स्वघोषणापत्र देणे पुरते, आणि २०२५ च्या सुधारणेनंतर ते बँक मित्राकडेही देता येते. त्याच सुधारणेनुसार मुदत संपण्यापूर्वी बँकेने किमान तीन वेळा कळवायचे असते आणि त्यांपैकी एक तरी सूचना पत्राने द्यायची असते.

हे लक्षात ठेवले की "आज संध्याकाळपर्यंत केवायसी केली नाही तर खाते बंद" असे सांगणारा फोन खोटा आहे, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. बँकेचे सेवाविषयक फोन आता १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून येण्याची व्यवस्था केलेली आहे, आणि बँकांच्या संकेतस्थळांचा पत्ता डॉट बँक डॉट इन असा संपतो. व्हॉट्सअ‍ॅपवर योजनेच्या यादीच्या किंवा बँकेच्या नावाने येणारी एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी, फाइल तर उघडूच नये. ती फोनमध्ये बसली की येणारे संदेश परस्पर दुसरीकडे पोचवते, त्यात ओटीपीही आले.

बँकांच्या विलीनीकरणाच्या काळात असे फोन वाढतात. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र होऊन राज्यात एकच ग्रामीण बँक झाली, तेव्हा गावोगावच्या फलकांवरचे नाव बदलले. पासबुक, आयएफएससी म्हणजे शाखेचा कोड, किंवा एटीएम कार्ड यांत काय बदल आहे, हे अशा वेळी फक्त शाखेत जाऊन विचारावे.

कॉलेजात जाणाऱ्या मुलांसाठी एक वेगळी ओळ. महिन्याला चार-पाच हजार देतो, तुझे खाते आणि एटीएम वापरायला दे, असे सांगणारे लोक आता तालुक्याच्या गावांतही फिरू लागले आहेत. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारी येतात.

घडलेच, तर

पहिला फोन १९३० ला करावा. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, आणि पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी ते अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. लगेच दुसरा फोन बँकेच्या मदत क्रमांकावर करून खाते थांबवावे. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी.

इथे मी माझ्याच घरातली चूक सांगतो. माझ्या काकांच्या खात्यातून न सांगता पैसे निघाले तेव्हा ते त्याच दिवशी शाखेत गेले, साहेबांनी "बघतो" म्हटले, आणि काका समाधानाने घरी आले. आठ दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा तक्रारीची कुठेही नोंद नव्हती, आणि लेखी पुरावा नसल्याने पहिल्या दिवशी आपण आलो होतो हे त्यांना सिद्ध करता आले नाही.

ते आठ दिवस का महागात पडले, हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकावरून कळते. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर कोणतीही जबाबदारी नसते. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहारात बँकेकडून संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकाचे नुकसान शून्य धरले जाते. चौथ्या ते सातव्या दिवसांत कळवले तर मूलभूत, म्हणजे किमान शिल्लक न लागणाऱ्या, बचत खात्याला जास्तीत जास्त पाच हजार आणि इतर बचत खात्याला दहा हजार रुपयांपर्यंत झळ बसू शकते, आणि सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सगळे अवलंबून राहते. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. वेळेत कळवल्यावर कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढायचे, असे बंधन बँकेवर आहे. चूक ग्राहकाची होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच आहे. सहकारी बँकांसाठी याच धर्तीचे परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघाले.

म्हणून अर्ज दोन प्रतींत लिहावा : खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक, व्यवहाराची तारीख, वेळ आणि रक्कम, संदेश केव्हा मिळाला, १९३० वरून मिळालेला तक्रार क्रमांक, आणि "हा व्यवहार मी केलेला नाही" हे एक सरळ वाक्य. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय शाखेतून हलू नये. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनामूल्य तक्रार करता येते. त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

पैसे न जाताही ओळख चोरीला गेलेली असू शकते. बचत गटाच्या नावाखाली घेतलेल्या आधार आणि मतदार कार्डाच्या प्रतींवर कर्ज उचलले जाते आणि ते बाईला कळते ते वसुलीचा माणूस अंगणात उभा राहिल्यावर, किंवा मुलाच्या ट्रॅक्टरचे कर्ज नामंजूर झाल्यावर. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, मोफत मिळतो. एप्रिल-मेमध्ये, पीककर्जाच्या नूतनीकरणाला जाण्यापूर्वी, तो काढून घ्यावा, आणि त्यात आपण न घेतलेले कर्ज किंवा न दिलेली जामीनकी दिसली तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे एकाच दिवशी लेखी हरकत घ्यावी. हरकत तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम आहे, आणि ते तीस दिवस तुमच्या हरकतीच्या पोचेवरील तारखेवरूनच मोजून दाखवावे लागतात.